काकू गात नव्हत्या

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुलुंडच्या काकूंचं नाव सांगतो. वडिलांचं नाही, शाळेतल्या गुरुजींचं नाही, आणि ज्या नानांनी पाच रस्त्याच्या चौकापासून स्टेशनपर्यंत भेटेल त्याला "ह्या पोराला बी.ए. मी केला" असं सांगितलं, त्या नानांचं तर मुळीच नाही. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो.

काकू आता नाहीत. मुलुंडात अजून त्यांची आठवण निघते, आणि निघाली की लोक म्हणतात, किती सोशिक, किती मितभाषी, आणि गळा काय गोड! हे ऐकलं की मी विषय बदलतो. काकू सोशिक नव्हत्या. मितभाषी तर नव्हत्याच. आणि साधी आरती त्यांना सुरात म्हणता येत नसे. ही सगळी खोटी माहिती लोकांना मी पुरवली आहे. कशी, ते सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी तालुक्याच्या कचेरीतल्या शिपायाचा मुलगा. मॅट्रिकला शाळेत पहिला आलो, मुंबईत सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी फोर्टात भल्या सकाळी भरणाऱ्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलाला दोन गोष्टी उत्तम येत: पाठांतर आणि नमस्कार. त्या दोन्हींच्या बळावर, गुरुजींची चिठ्ठी घेऊन, मी नानांच्या व्हरांड्यात उभा राहिलो.

नाना एका साहेबी कंपनीत हेडक्लार्क होते आणि गावातल्या वाचनालयाचे चिटणीस होते. या दोन्ही गोष्टी त्यांच्या उभं राहण्यात दिसत. त्यांनी तासभर माझं इंग्रजी व्याकरण तपासलं. मी एकही उत्तर चुकलो नाही आणि प्रत्येक उत्तरानंतर "होय साहेब" म्हणालो. नाना अतिशय खूश झाले. तेवढ्यात आतून काकू आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"अंघोळीला किती बादल्या लागतात रे तुला?"

"एक."

"मग राहा. विहीर उन्हाळ्यात तळाला जाते. व्याकरणानं भरत नाही ती."

नाना हसले नाहीत. बायकोच्या बोलण्याला हसायचं नसतं, असा त्यांचा नियम असावा. मीही हसलो नाही, कारण नाना हसले नव्हते.

पहिली दोन वर्षं मी काकूंकडे फारसं लक्ष दिलं नाही, हे कबूल करायला हवं. मराठी चौथी शिकलेली बाई, दिवसभर बडबड करणारी, नाहूरच्या मळ्यापर्यंत चालत जाऊन भाजी आणणारी आणि तिथल्या माळ्याशी भांडून येणारी. त्या मला पहाटे पाचला चहा देत आणि मी नमस्कार करून निघे. माझं लक्ष नानांकडे. ते सुट्टीच्या दिवशी मला समोर बसवून नोट्स उतरवून देत. कुठल्याशा जुन्या पुस्तकातले परिच्छेदच्या परिच्छेद ते संथ आवाजात सांगत आणि मी वळणदार अक्षरात लिहून घेई. मग ते पाठ करी. आम्हा दोघांनाही वाटे की विद्येची देवाणघेवाण चालली आहे.

इंटरला मी नापास झालो.

निकाल पाहून आलो आणि ट्रंक भरायला घेतली. नाना व्हरांड्यात होते. ते म्हणाले, "परीक्षक हल्ली इंग्रजी नीट जाणत नाहीत," आणि वर्तमानपत्रात परत शिरले. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"कुठे निघालास?"

"गावी. शाळेत मास्तरकी मिळेल."

"नापास कशात झालास?"

"इकॉनॉमिक्समध्ये."

"ते काय असतं?"

मी डोळे मिटले आणि इंग्रजीतली व्याख्या धडाधड म्हटली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"हं. आता माणसासारखं सांग."

मला सांगता येईना. 'म्हणजे' असं तीनदा म्हणालो आणि थांबलो.

"मग त्यांनी नापास केलं ते बरोबर केलं," काकू म्हणाल्या. "मी असते तरी केलं असतं. आणि तू तिकडे मास्तर झालास की तिकडची पोरंही अशी डोळे मिटून बोलायला लागतील. त्यापेक्षा असं एक पोर आहे ते मुलुंडातच बरं. ठेव ती ट्रंक. उद्यापासून मी तांदूळ निवडायला बसले की पुस्तक घेऊन समोर बसायचं."

रेशनचा तांदूळ म्हणजे तांदूळ आणि खडे यांची भागीदारी. ऑफिसातून येऊन हातपाय धुतले की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसे. काकू परातीत तांदूळ पसरत. मी एक प्रकरण वाचायचं आणि पुस्तक मिटून मराठीत सांगायचं, असा त्यांचा नियम. त्या मान वर न करता ऐकत आणि मध्येच म्हणत, "नाही कळलं." मी म्हणे, "काकू, हे जरा अवघड आहे." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मला नाही कळलं म्हणजे तुला नाही कळलं. परत सांग."

मला राग येई. चौथी शिकलेल्या बाईनं इंटरच्या मुलाला असं म्हणावं! पण परत सांगताना माझ्या लक्षात येई की मला खरंच कळलेलं नाही. मग मी मुकाट्यानं पुस्तक उघडी. एकदा मी त्यांना सांगितलं की एखादी वस्तू जसजशी जास्त मिळत जाते तसतसं तिच्यापासून मिळणारं सुख कमी होत जातं. काकूंचा हात थांबला.

"म्हणजे नानांची ती साहेबाच्या टोपीची गोष्ट."

"कशी काय?"

"लग्न झाल्यावर पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पोट धरून हसले. दुसऱ्यांदा बरी वाटली. आता टोपी म्हटलं की मी दळण घेऊन बाहेर पडते. हे शोधून काढायला विलायतेतला माणूस लागला?"

आणखी एकदा मी मागणी आणि भाव यांचा संबंध समजावला. त्या म्हणाल्या, "मग रेशनच्या दुकानात भाव का नाही वाढत? रांग तर रोज लांबते आहे." माझ्या पुस्तकात याचं उत्तर होतं, पण ते तीन प्रकरणं पुढे होतं, आणि ते सापडायला मला दोन दिवस लागले. पुस्तकातली वाक्यं आपल्या दारासमोरच्या रांगेविषयी असतात, हे मला तेव्हा समजलं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. त्याआधी अकरा वर्षं शाळेत आणि दोन वर्षं कॉलेजात मी काय करत होतो, हे विचारू नये.

पुढल्या वर्षी इंटर झालो, आणि त्यानंतर दोन वर्षांनी बी.ए. आमच्या घराण्यातला पहिला. वडिलांनी गावात साखर वाटली. नानांनी वाचनालयाच्या फळ्यावर माझं नाव लिहवून घेतलं आणि त्याखाली कंसात 'चिटणीसांचे विद्यार्थी' असं घातलं. मी फळ्यासमोर उभा राहून कृतज्ञतेनं नानांना वाकून नमस्कार केला. काकूंना केला की नाही, ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं नाही म्हणजे केला नव्हता.

त्यानंतर नानांची एकसष्टी आली. त्या वेळी आमच्या उपनगरात मानपत्रांचं फार होतं. कुणी निवृत्त झाला, कुणाची एकसष्टी आली, की वाचनालयाच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडायच्या, हार घालायचा, आणि जाड कागदावर छापलेलं स्तुतीचं पत्र मोठ्यानं वाचून, फ्रेममध्ये घालून, त्या माणसाच्या हाती द्यायचं. माणूस ते घरी नेऊन भिंतीवर लावी आणि उरलेलं आयुष्य त्याखाली बसून काढी. नानांनी स्वतः चिटणीस या नात्यानं अशी पंचवीस-तीस मानपत्रं दिली होती. स्वतःचं मिळायची ते सहा वर्षं वाट पाहत होते.

नानांचं मानपत्र एका निवृत्त हेडमास्तरांनी लिहिलं. ते नानांनी तपासून दिलं, म्हणजे दोन ठिकाणी विशेषणं वाढवून दिली. मग नानांचा मुलगा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणत असू, तो म्हणाला, "आईलाही एक द्यायला हवं. सपत्नीक सत्कार आहे." समितीतल्या सगळ्यांना ही कल्पना फार उदात्त वाटली. आणि लिहिणार कोण? "हा आहे ना आपला बी.ए."

मला आनंदानं भरून आलं. त्या घराचं ऋण फेडायची संधी मिळाली, असं वाटलं. आणि मग मी काय केलं? वाचनालयाच्या कपाटात जुन्या मानपत्रांच्या प्रती होत्या, त्या काढल्या. त्यांत पाच-सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या पत्नीला दिलेलं एक होतं. भाषा अशी भारदस्त की मी ते तिथेच दोनदा वाचलं आणि पाठ झालं. घरी येऊन बसलो आणि लिहून काढलं. डॉक्टरांच्या जागी नाना, दोन मुलांच्या जागी एक. सोशिक, मितभाषी, पतिपरायण, वात्सल्यमूर्ती. अर्ध्या तासात झालं. ज्या बाईनं मला तीन वर्षं पुस्तक मिटून बोलायला शिकवलं, तिच्याबद्दल लिहिताना मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सत्काराच्या दिवशी हेडमास्तरांनी नानांचं मानपत्र वीस मिनिटं वाचलं. नाना डोळे मिटून ऐकत होते आणि वाढवलेल्या विशेषणांच्या जागी किंचित मान हलवत होते. मग मी उभा राहिलो. पहिला परिच्छेद छान गेला. दुसऱ्यात मी वाचलं, "आपल्या सुमधुर कंठातील भजनांनी या नगरीच्या कित्येक सायंकाळी मंगल झाल्या," आणि पुढची ओळ वाचायचा थांबलो.

डॉक्टरीणबाई भजनं म्हणत. काकू नव्हे. काकूंनी गणपतीत तोंड उघडलं की नाना त्यांना खुणेनं गप्प करत, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. समोर साठ-सत्तर माणसं बसली होती. काही पंचवीस वर्षांपासूनचे शेजारी. आता हशा पिकणार, म्हणून मी मान वर केली.

कुणी हसलं नाही. टाळ्या पडल्या. बायकांनी माना डोलावल्या. दादानं रुमाल काढला. पंधरा वर्षं काकूंच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या समोरच्या वकिलीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "अगदी खरं हो." नानांनी डोळे पुसले. जिच्याशी पस्तीस वर्षं संसार केला ती गाते की नाही, हे त्यांना टाळ्या ऐकून ठरवावंसं वाटलं. एका खोलीभर माणसांत फक्त एका व्यक्तीला ते वाक्य खटकलं, आणि ती व्यक्ती हार घालून माझ्याकडे बघत होती. खडा दाताखाली आला की बघावं तसं.

घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ही भजनं कोण म्हणतं रे?"

मी उंबऱ्याशी, नेहमीच्या जागी बसलो.

"कुणाचं उचललंस?"

"डॉक्टरीणबाईंचं."

"ती गायची. चांगली गायची. मग तिचं तिच्याकडे राहू द्यायचंस. आणि ते सोशिक काय? मी काय सोसलं?"

"म्हणजे... संसारात... नानांचा स्वभाव..."

"नानांना मी रोज तोंडावर बोलते. तोंडावर बोललं की ते सोसणं होतं का? बी.ए. झालास ना तू?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्या पाटावर बसल्या. हार अजून गळ्यात होता, तो त्यांनी काढून परातीत ठेवला.

"हे बघ. मी मेले की हाच कागद वाचतील. फ्रेममध्ये आहे, शोधावा लागणार नाही. वर्षभरात नातीलाही वाटायला लागेल की आजी गायची. मग मी कुठे गेले? तू मला माझं खरं लिहून दे. चार ओळी दे, पण मी असेपर्यंत दे. मी ऐकेन. मला कळलं तर तुला कळलं."

मी होय म्हणालो, आणि मला ते जमेना. कागदासमोर बसलं की 'करुणा' यायची, 'त्याग' यायचा. एकदा चार ओळी नेऊन वाचून दाखवल्या. दुसऱ्या ओळीत 'नंदादीप' आला तशा त्या म्हणाल्या, "जा, दिवा मालव आणि झोप." पुढे माझी सोलापूरला बदली झाली. निघताना त्यांनी डबा दिला आणि विचारलं, "कागद?" मी म्हटलं, "पाठवतो." दीड वर्ष मी पाठवतो आहे, पाठवतो आहे असंच म्हणत राहिलो. ऑफिसात साहेबांच्या निरोपाची भाषणं मात्र मी धडाधड लिहून देत होतो. तिथे माझं फार नाव झालं होतं.

मग वहिनींचं, म्हणजे दादाच्या पत्नीचं, पोस्टकार्ड आलं. "आई अंथरुणावर आहेत. जेवण तुटलं आहे. डॉक्टर फार बोलू नका म्हणतात. दोनदा विचारलं, त्या बी.ए.चा कागद आला का? तुम्ही समजाल."

रविवार होता. सकाळी नऊला बसलो आणि जेवणापर्यंत उठलो नाही. विशेषण आलं की पेन थांबवायचं आणि मनात काकूंना विचारायचं, "कळलं का?" त्या नाही म्हणाल्या की ते खोडायचं. असं करत संपवलं आणि तसंच जाऊन पेटीत टाकलं, कारण नक्कल करायला बसलो असतो तर सुधारलं असतं.

पत्र वेळेत पोचलं. वहिनींनी ते काकूंच्या उशाशी बसून वाचलं. नाना तिथेच होते. मधेच ते म्हणाले, "हे तसं नव्हतं." त्यावर काकू म्हणाल्या, "तसंच होतं. गप्प बसा हो, माझं मानपत्र चाललंय." वाचून झाल्यावर त्या "कळलं" म्हणाल्या आणि पाणी मागितलं. मला रजा मिळून मी निघेपर्यंत त्या गेल्या होत्या.

शोकसभा वाचनालयातच झाली. त्याच खुर्च्या, तोच दिवाणखाना. फळ्यावर 'प्रेमळ पत्नी, माता व आजी' असं रंगीत खडूनं लिहिलं होतं. नानांनी भिंतीवरची फ्रेम काढून आणली होती. काकू म्हणाल्या होत्या तसं ती शोधावी लागली नाही. हेडमास्तरांनी ती वाचली. भजनांपाशी आले तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, "काय गोड गायच्या हो! कानात अजून आहे."

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या गात नव्हत्या. ते वाक्य दुसऱ्या बाईंचं आहे. मी ते चोरलं होतं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो," ते हळुवारपणे म्हणाले. "आपण आता दोन मिनिटं उभे राहू." मी उभाच होतो. सगळे माझ्याबरोबर उभे राहिले. वहिनींनी मात्र मान खाली घालून पदर तोंडाला लावला होता, आणि त्या रडत नव्हत्या.

सभा संपल्यावर वहिनींनी ते पत्र माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "घरात राहिलं तर कुणी तरी नीट करून छापेल." ते जसंच्या तसं खाली देतो.

*

ती. काकूंस साष्टांग नमस्कार.

तुम्ही मागितलेला कागद पाठवतो. उशीर झाला. कारण सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही सोशिक नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी मागल्या चाळीतल्या बायकांना पाणी भरू द्यायचं नाही असं ठरवून नानांनी रहाटाचा दोर काढला आणि कपाटात ठेवला. तुम्ही कपडे वाळत घालायचा दोर सोडून रहाटाला बांधलात. नाना ओरडले तेव्हा म्हणालात, "दोर तुमचा होता, तो कपाटात आहे. पाणी जमिनीचं आहे." दोन दिवस घरातले कपडे कुंपणावर वाळले आणि नानांचं धोतर काट्यात फाटलं. ते तुम्ही शिवून दिलं नाही.

नाना निवृत्त झाले तेव्हाचं मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून व्हरांड्यात येऊन बसले. जायला कुठे नव्हतं. मला वाटलं, आता तुम्ही तोंड सोडणार. तुम्ही नेहमीच्या वेळी डबा भरलात आणि त्यांच्या शेजारी नेऊन ठेवलात. एक वाजता त्यांनी तो तिथेच बसून खाल्ला. महिनाभर असं चाललं. त्या महिन्यात तुम्ही त्यांना एकदाही वेडावलं नाही, आणि कुणी विचारलं तर "त्यांना डब्यातलं आवडतं" असं सांगितलंत. मग एके दिवशी ते कोट न घालता आले. त्या दिवशी तुम्ही पान वाढलंत आणि पुन्हा भांडायला सुरुवात केलीत.

दादा वहिनींना बघायला गेले आणि "सावळी आहे" म्हणाले, तेव्हा तुम्ही मुलीकडच्यांना सगळ्यांसमोर आरसा मागितलात आणि दादांच्या हातात दिलात. हे मी पाहिलेलं नाही. तुम्ही मला तीनदा सांगितलंत आणि दर वेळी आरसा मोठा होत गेला. हे वाचताना वहिनी थांबतील. त्यांना थांबू देऊ नका.

नातीला तुम्ही गच्चीवर शिटी वाजवायला शिकवलीत. नाना म्हणाले, मुलीच्या जातीनं असं करू नये. तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहून स्वतः वाजवून दाखवलीत. सूर नव्हताच, नुसता वारा आला. नात आता तुमच्यापेक्षा चांगली वाजवते आणि हे तिच्या शाळेत कुणाला माहीत नाही.

तुमच्याबद्दल वाईट आहे तेही लिहितो, नाहीतर तुम्ही विचाराल. भांडीवालीवर तुम्ही दोनदा वाटी चोरल्याचा आळ घेतलात. दोन्ही वेळा वाटी तुमच्याच पिठाच्या डब्यात निघाली. तुम्ही तिला "चुकलं" म्हणाला नाहीत. लुगडं दिलंत आणि जुनं आहे म्हणालात. ते नवं होतं, हे तिलाही कळलं, पण तिला 'चुकलं' हे ऐकायचं होतं. अजून ती तुमच्याकडे येत असेल तर तिला सांगा.

माझं सांगतो. आमच्या घरी माझ्या शिक्षणाचा सगळ्यांना अभिमान होता. मी काय शिकतो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पाठ म्हणून दाखवलं असतं आणि ते रडले असते. तुम्ही विचारलंत आणि हसलात. नापास झालेल्या दिवशी मी गेलो असतो तर आज गावच्या शाळेत छडी घेऊन पोरांकडून व्याख्या पाठ करून घेत असतो आणि स्वतःला विद्वान समजत असतो. बी.ए.च्या दिवशी मी नानांच्या पाया पडलो, तुमच्या पडलो नाही. तुम्ही ते बघितलं होतं. बोलला नाहीत. तुम्ही न बोललेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे, म्हणून ती इथे लिहिली.

यात कुठे चुकलं असेल तर वहिनींना सांगून कळवा. नानांना लिहायला सांगू नका, ते सुधारतील.

डॉक्टर तुम्हाला फार बोलू नका म्हणतात, असं वहिनींनी कळवलं आहे. ते डॉक्टर नवे दिसतात.

तुमचा,
मागच्या खोलीतला